‘सर, पाय बघा पाय!’ : पिचरच्या पायांवरून होणारा तोच तो वाद आणि त्यावरचे उपाय

सॉफ्टबॉलच्या मॅचना उभ्या राहणाऱ्या सगळ्या पंचांच्या ओळखीची ही तक्रार आहे. दुसरी इनिंग चालू असते, पिचर चेंडू टाकते आणि समोरच्या डगआउटमधून आरोळी येते, "सर, पाय बघा पाय!" (डगआउट म्हणजे आपल्याकडे एक कडुलिंबाचं झाड आणि वर्गातून उचलून आणलेली दोन बाकं.) पुढच्या चेंडूला तुम्ही पाय बघता, काहीतरी खटकतं, इल्लीगल पिच (नियमबाह्य चेंडू) देता. तीन बॅटर नंतर तीच मुलगी तसाच चेंडू टाकते आणि तुमची मूठ (इल्लीगलची खूण) बाहेर जात नाही. लगेच तोच कोच, "सर, मघाशी दिलीत, मग आता का नाही?" याला तुमच्याकडे उत्तर नसतं. मॅच संपते, स्कोअरशीटवर सह्या करताना दोन्ही कोच घुश्शात, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मैदानावर दुसऱ्या पंचाच्या नशिबी हेच.

मी पुण्यात शालेय आणि कॉलेजच्या सॉफ्टबॉल मॅचना पंच म्हणून उभा राहतो. हा प्रश्न इतक्यांदा अंगावर आला की शेवटी मी एका वहीत टिपणं ठेवायला लागलो: इल्लीगल दिली तेव्हा मी कुठे उभा होतो, बेसवर (रनरने गाठायच्या टप्प्यांवर) कोण होतं, मैदान कसं होतं. हंगाम संपल्यावर वही चाळली तेव्हा लक्षात आलं की पिचर फारशी बदलत नव्हती. बदलत होती माझी जागा. बेस रिकामे असताना मी क्रो हॉप (पुढे येऊन पाय पुन्हा रोवणं आणि दुसरा जोर घेणं) पकडायचो, आणि रनर बेसवर आला की माझं पकडणं जवळजवळ बंद. कोच म्हणत होता ते बरोबर होतं, फक्त त्याला वाटत होतं मी घाबरतो म्हणून असं होतं.

जागेच्या भानगडीकडे येतोच. त्याआधी दोन गोष्टी मॅच सुरू व्हायच्या आत तपासायच्या.

पुस्तक कोणतं?

हा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते. पंच असून नियम विचारतो म्हणजे काय! पण पिचरच्या पायांबद्दल सगळी पुस्तकं एकसारखं बोलत नाहीत. सुरुवातीला उभं राहताना काही नियमावलींत दोन्ही पाय पिचिंग प्लेटला (पिचर जिथून चेंडू टाकते ती रबरी पट्टी) टेकलेले लागतात. काहींत पिव्हट पाय (ज्यावरून जोर घेतात तो) प्लेटला टेकलेला असला की पुरे, दुसरा प्लेटवर किंवा प्लेटच्या मागे चालतो. पुरुषांना एक आणि महिलांना दुसरं, असंही असतं. उजव्या हाताच्या पिचरचा पिव्हट पाय उजवा, डावखुरीचा डावा, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

त्यात आता मोबाइलची भर. मुली अमेरिकन कॉलेजच्या पिचरांचे व्हिडिओ बघून येतात आणि तशाच झेपावतात. तिथे २०२४ च्या हंगामापासून कॉलेज आणि हायस्कूल दोन्हीकडे नियम सैल झालेला आहे: पिचरचे दोन्ही पाय एका वेळी हवेत असले तरी चालतं, मात्र पिव्हट पाय पुन्हा जमिनीवर रोवून त्यावरून दुसरा जोर घ्यायचा नाही. जुन्या नियमाप्रमाणे तीच झेप इल्लीगल. म्हणजे एकच मुलगी, एकच पाऊल, आणि एका पुस्तकात बरोबर, दुसऱ्यात चूक.

म्हणून होम प्लेटपाशी (बॅटर उभी राहते तिथे) दोन्ही कॅप्टन आणि कोच जमतात तेव्हा तीन वाक्यं मोठ्याने बोलून टाकायची. ही स्पर्धा कोणत्या पुस्तकाने चालली आहे. सुरुवातीला पाय कसे हवेत. झेप चालणार की नाही. इल्लीगल पिचला रनर पुढे सरकणार की फक्त बॅटरला बॉल (तिच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू; विरुद्ध मोजला जातो तो स्ट्राइक) मिळणार, हेही तिथेच सांगितलं तर उत्तम, कारण त्यातही पुस्तकागणिक फरक आहे. या दोन मिनिटांनी माझी किती डोकेदुखी वाचली ते मलाच ठाऊक. ज्या कोचने "हो सर, माहीत आहे" म्हणून मान हलवली, तो नंतर झाडाखालून ओरडत नाही. म्हणजे ओरडतो, पण कमी.

अंगण खरंच वाकडं असतं

नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आपण पिचरला ऐकवतो. पण आपल्या मैदानांवर अंगण बऱ्याचदा वाकडंच असतं, आणि ते बघणं हे पंचाचं काम आहे.

पुण्यात सॉफ्टबॉलपुरतं राखलेलं मैदान मिळणं दुर्मीळ. सकाळी फुटबॉल, दुपारी क्रिकेट, मधल्या वेळात आपण फक्की मारून डायमंड आखायचा. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या आसपास येतात. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पुलाचा नसतो, मैदानाचा असतो.

अशाच एका सप्टेंबरच्या सकाळी सतरा वर्षांखालील मुलींची मॅच होती. उजव्या हाताची, उंच, चांगल्या वेगाची पिचर. पहिल्या दोन इनिंगमध्ये मी तिला तीनदा क्रो हॉपसाठी इल्लीगल दिली. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिच्या मॅडम मला म्हणाल्या, "सर, ती प्रॅक्टिसला कधीच असं करत नाही हो." असं सगळेच म्हणतात, म्हणून मी सोडून दिलं. इनिंग बदलताना ब्रश घेऊन पिचिंग प्लेट झाडायला गेलो, आणि खाली वाकल्यावर दिसलं ते दोन फुटांवरूनही नीट दिसत नव्हतं. रबराची प्लेट जुन्या उंचवट्यावर खिळे ठोकून बसवलेली, म्हणून जमिनीपासून दोन बोटं वर. तिच्या पुढ्यात चार बोटं खोल खड्डा, त्यात गढूळ पाणी. पोरगी पिव्हट पाय ओढत पुढे आणायला गेली की पाय खड्ड्यात जाणार, मुरगळणार. तिने आपोआप पाय उचलून खड्ड्यापलीकडे टेकवायला सुरुवात केली होती, आणि टेकवला की पुन्हा जोर. नियमाने तिन्ही वेळा माझा निर्णय बरोबर. तरीही चूक माझीच होती, कारण पिचिंग प्लेटचा वरचा पृष्ठभाग जमिनीशी समपातळीत हवा, हे मॅचच्या आधी बघायचं काम माझं होतं आणि मी फक्त फक्कीच्या रेषा बघून आलो होतो.

दोन घमेली मुरूम आणून खड्डा भरला, तुडवला, प्लेट उपटून खाली बसवली. दहा मिनिटं गेली, आयोजकांनी घड्याळ दाखवलं. पुढच्या चार इनिंग तिचा पाय जमिनीला घासत, रेघ काढत येत होता. शेवटच्या इनिंगला तीन बॉल दोन स्ट्राइकवर तिने जीव खाऊन चेंडू टाकला आणि त्यात खरा क्रो हॉप झाला. दिली. त्या वेळी कुणीही हरकत घेतली नाही, ती स्वतःही मान खाली घालून हसली.

तेव्हापासून मैदानावर पोचलो की आधी पिचिंग प्लेट. हाताने हलवून बघायची, सैल असेल तर जोर देताना ती सरकते आणि पाय निसटल्यासारखा दिसतो. २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद आहे ना ते मोजायचं; शाळांमध्ये सुताराकडून कापून आणलेली फळी किंवा जुन्या चटईचा तुकडाही मी पाहिला आहे, आणि फळी १८ इंचांची असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. खड्डा प्रत्येक इनिंगला थोडा पडणारच. पाय घासत येतो तिथली माती निघते, ते साहजिक आहे. अशा खड्ड्यावरून पाय जाताना तळाशी टेकला नाही म्हणून लगेच तो हवेत आहे असं धरायचं नाही. झेपेचा नियम सैल व्हायच्या आधीच्या अमेरिकन पुस्तकात यासाठी एक शहाणी ओळ होती: खड्डा पडला असेल तर पिव्हट पाय आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीपेक्षा वर जाता कामा नये. मी मनातल्या मनात खड्ड्यावर एक पत्रा ठेवलाय असं समजतो. पाय त्या पत्र्याला घासून गेला असता का? गेला असता, तर चालू द्या.

झेप, घसट आणि क्रो हॉप

आता मुख्य गोंधळ. मैदानावर तिन्हीला लोक "उडी मारली" म्हणतात.

घसट म्हणजे पिव्हट पाय प्लेटवरून ढकलला जातो आणि जमिनीला लागून मागे मागे ओढला जातो. हे कायदेशीर, कुठलंही पुस्तक काढा. झेप म्हणजे तो पाय ढकलल्यावर जमिनीपासून सुटतो आणि पुढचा पाय पडायच्या आधी क्षणभर दोन्ही हवेत. हे पुस्तकावर अवलंबून. क्रो हॉप म्हणजे प्लेटवरून पुढे येऊन पिव्हट पाय पुन्हा टेकवायचा आणि त्या नव्या जागेवरून दुसरा जोर घ्यायचा. मी ज्या ज्या पुस्तकाने पंचगिरी केली, त्या सगळ्यांत हे इल्लीगल. कारणही उघड आहे. महिलांच्या खुल्या गटात पिचिंगचं अंतर ४३ फूट, पुरुषांचं ४६. क्रो हॉप करणारी दोन फूट पुढून फेकते, म्हणजे बॅटरचा विचार करायचा वेळ चोरते. ताशी ८० किलोमीटरच्या चेंडूला हातातून सुटल्यापासून होमपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला तुकडा काढून घेतला तर बॅटरने काय करायचं?

तेव्हा "पाय हवेत होता का" एवढाच प्रश्न धरून बसू नका. "जोर कितीदा घेतला" हा खरा प्रश्न. हवेतला पाय पकडायला तिरंदाजाची नजर लागते. दुसरा जोर मात्र अख्ख्या शरीरात दिसतो.

घसटणाऱ्या पिचरच्या मागच्या बुटाकडे बघा: टाच वर, चवडा खाली, बुटाचा तळवा मागे सेकंड बेसकडे वळलेला, आणि गुडघा पुढच्या गुडघ्याकडे खेचला जातोय. क्रो हॉपमध्ये तोच बूट पुन्हा सपाट होतो, टाच खाली येते, गुडघा वाकतो आणि मग सरळ होतो. डोकं बघायचं असेल तर तेही चालतं. एका जोराने येणारीचं डोकं एकदाच उंचावतं, क्रो हॉपवालीचं खाली बसून पुन्हा वर येतं. हात वरच्या दिशेला जात असतानाच मागचा पाय टेकला आणि वजन त्याच्यावर आलं, तर जवळजवळ खात्रीच.

आणि ऐका. हे मला आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी शिकवलं. ते वॉर्मअपला पिचरकडे पाठ करून उभे राहायचे. मुरमावर घसट ‘खर्रर्र-धप’ अशी वाजते. क्रो हॉप ‘धप-धप’ वाजतो, मध्ये मोकळी जागा. पाठमोरे उभे राहून ते सांगायचे, "ही पोर आज त्रास देणार." चिखलात आणि ढोलताशाची प्रॅक्टिस शेजारी चालू असताना ही युक्ती निकामी, हे मी अनुभवाने सांगतो, ऑगस्टमध्ये पुण्यात नदीकाठच्या मैदानावर मॅच घेऊन बघा.

माती आपली साक्षीदार आहेच. इनिंगच्या सुरुवातीला प्लेटच्या पुढचा चारेक फूट भाग ब्रशने साफ करा आणि दोन-तीन चेंडूंनंतर मधल्या वेळात नजर टाका. प्लेटपासून सलग रेघ निघाली असेल तर घसट. प्लेटपाशी खूण, मग फूटभर कोरी माती, आणि मग चवड्याने पिळून काढलेला खळगा, तर पाय उचलून पुन्हा रोवला. कोरी माती आणि पुढे नुसता हलका ओरखडा, ती झेप. पण यावरून निर्णय द्यायचा नाही हं. दोन्ही संघांच्या पिचर त्याच मातीवर पाय घासतात, कुणाची खूण कुठली ते तिसऱ्या इनिंगला सांगता येत नाही. खुणा बघायच्या त्या पुढच्या चेंडूला नजर कुठे ठेवायची हे ठरवायला.

तुम्ही उभे कुठे आहात?

आता माझ्या वहीतली भानगड. सॉफ्टबॉलचा डायमंड ६० फुटांचा चौकोन, होम आणि तीन बेस हे त्याचे कोपरे. त्याचा कर्ण साधारण ८४.८५ फूट, म्हणजे होमपासून चौकोनाचा मध्य ४२.४ फुटांवर. महिलांची पिचिंग प्लेट ४३ फुटांवर. म्हणजे फर्स्ट आणि थर्ड बेसला जोडणारी सरळ रेघ ओढली तर पिचिंग प्लेट जवळपास तिच्यावरच येते. फर्स्ट बेसपाशी उभ्या असलेल्या बेस अंपायरला पिचर बरोबर बाजूने दिसते. पाय उचलला, टेकवला, घासला, सगळं सिनेमासारखं दिसतं.

रनर फर्स्टवर आला की बेस अंपायर तिथून हलतो. त्याला हलावंच लागतं, चोरीचे (फटक्याविना पुढचा बेस गाठण्याचे) आणि टॅगचे (रनरला चेंडू लावून बाद करण्याचे) निर्णय द्यायला तो सेकंड बेसच्या बाजूला आत सरकतो. तिथून पिचर दिसते ती मागून, थोडी तिरकी. मागून बघताना पाय आणि जमीन यांच्यातली दोन बोटांची फट दिसत नाही. प्लेट अंपायर (होम प्लेटमागचा पंच) समोरून बघतो, त्यालाही दिसत नाही. म्हणजे बेसवर रनर असताना, जेव्हा एकेका चेंडूला किंमत असते, तेव्हा दोन पंचांपैकी एकाकडेही बाजूची नजर नाही! "मघाशी दिलीत, आता का नाही" याचं उत्तर हे होतं.

यावर उपाय काय? चार पंच मिळाले तर प्रश्नच नाही, पण आपल्याकडे दोन मिळाले तरी नशीब, आणि कित्येक शालेय मॅच एकाच पंचावर निघतात. मी करतो ते असं. पहिल्या इनिंगला बेस रिकामे असताना बेस अंपायरने चेंडूकडे दुर्लक्ष करून फक्त पाय बघायचे. त्याच वेळी त्या पिचरची सवय कळते. पुढे मागून बघायची वेळ आली की फट शोधायची नाही, टाच शोधायची. मागून बुटाचा अख्खा तळवा दिसत राहिला तर ती घसटतेय. तळवा दिसेनासा झाला म्हणजे टाच खाली आली, म्हणजे पाय रोवला. हे मागून बाजूपेक्षाही चांगलं दिसतं, फक्त काय बघायचं ते आधी ठरवून उभं राहावं लागतं. नुसत्या झेपेचा निर्णय मागून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. दिसलं नाही ते दिलं नाही. कोच विचारतो तेव्हा सरळ सांगतो, "या जागेवरून तो भाग मला दिसत नाही." एवढ्या प्रामाणिकपणाला कोच बहुधा काही बोलू शकत नाहीत.

प्लेट अंपायरने मागच्या पायाच्या मागे लागूच नये. त्याच्या वाट्याला सुरुवातीचे पाय, हात आणि पुढच्या पायाची दिशा. क्रम लावून घ्या: पाय प्लेटला टेकले का, हात एकत्र येऊन ती पूर्ण थांबली का, आणि मग नजर थेट कमरेपाशी, जिथून चेंडू सुटणार. पुढच्या पायाचं पडणं डोळ्याच्या कोपऱ्यात आपोआप येतं. मी नवा असताना कोचच्या आरडाओरड्याने पायांकडे बघत बसलो आणि सलग दोन स्ट्राइक बॉल म्हणून दिले. कॅचर मुलगी मागे वळून म्हणाली, "सर, चेंडू इकडे आला होता."

२४ इंचांची गल्ली

पुढचं पाऊल बॅटरच्या दिशेने आणि प्लेटच्या लांबीच्या आत पडलं पाहिजे. प्लेटची दोन्ही टोकं होमच्या दिशेने वाढवली की २४ इंच रुंद गल्ली तयार होते, तिच्यात पाऊल हवं. इथे दोन प्रकारच्या पिचर अडकतात. एक जी कंबर मोकळी करायला डावा पाय फर्स्टकडे टाकते. दुसरी जी पाय उजवीकडे, स्वतःच्या अंगावरून थर्डकडे टाकते. तिसऱ्या प्रकारात पिचरची खरी चूक नसतेच. ती प्लेटच्या अगदी टोकाला उभी राहते, त्यामुळे सरळ पाऊल टाकलं तरी इंचभराने बाहेर. अशा मुलीच्या कोचला मी इनिंगच्या मध्ये हळूच सांगतो, "तिला प्लेटच्या मध्यावर उभी करा." यात पक्षपात काही नाही, समोरच्या कोचच्या मुलीलाही सांगतो.

गल्लीचा निर्णय प्लेट अंपायरचा, कारण समोरून डावी-उजवी बाजू स्वच्छ दिसते. बाजूला उभ्या असलेल्याने त्यात पडू नये. आणि पिचिंग प्लेटभोवती ८ फूट त्रिज्येचं जे वर्तुळ आपण फक्कीने काढतो, त्याचा पावलाशी काही संबंध नाही. पाऊल वर्तुळाबाहेर पडलं म्हणून ओरडणारे कोच अजून भेटतात. ते वर्तुळ रनरसाठी आहे.

छोट्या गोष्टी, ज्यांवर मॅच अडते

हात एकत्र आल्यावर पिचर मध्येच घाम पुसायला पुढे येते. प्लेट सोडायची तर हात वेगळे करायच्या आधी आणि मागच्या बाजूने. पुढे किंवा बाजूला उतरली तर इल्लीगल. चौदा वर्षांखालच्या मुलींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्यांदा झालं तर नियमाप्रमाणे द्या, पण देताना कारण तोंडाने सांगा, "बाळा, मागे उतर." पुन्हा होत नाही.

काही जणी झुलतात. पाय न उचलता वजन पुढे-मागे केलं तर हरकत नाही. पिव्हट पाय प्लेटवरून उचलून परत प्लेटवर ठेवला तर ते झुलणं इल्लीगल. प्लेटवर पाय नुसता वळवला किंवा सरकवला आणि संपर्क सुटला नाही, तर चालतं.

आणि खूण. डावा हात बाजूला, मूठ बंद, आणि "इल्लीगल" असं बॅटर-कॅचरला ऐकू जाईल इतपत. खेळ थांबवायचा नाही! सुरुवातीला मी दोन्ही हात वर करून ‘डेड बॉल’ ओरडायचो. एकदा बॅटरने त्याच इल्लीगल चेंडूवर ट्रिपल (थर्ड बेसपर्यंत नेणारा फटका) मारला होता आणि मी तो पुसून टाकला. बॅटिंग करणाऱ्या संघाचे सर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला अजून आठवते. बॅटर फर्स्टवर पोचली आणि प्रत्येक रनर किमान एक बेस पुढे गेला, तर इल्लीगल विसरून जा, खेळ जसा झाला तसा. थर्डवरची रनर जागच्या जागी राहिली आणि बॅटर फर्स्टवर गेली, तर कोचला विचारायचं: झालं ते ठेवता, की दंड घेता? तो पर्याय त्याचा आहे. आपण त्याच्या वतीने ठरवायचं नाही.

मोबाइल घेऊन धावत येणारे काका

पालक व्हिडिओ दाखवायला येतात. तो बहुतेक वेळा होमच्या मागच्या जाळीतून काढलेला असतो, म्हणजे समोरून, झूम करून. त्यात फट दिसूच शकत नाही, आणि दिसली तरी मॅचमध्ये व्हिडिओ बघायची सोय आपल्या स्पर्धेत नाही. मी हात जोडतो आणि प्लेटकडे परत जातो.

पण हंगामाच्या आधी व्हिडिओसारखा गुरू नाही. एखाद्या कॉलेजच्या प्रॅक्टिसला जा, कोचची परवानगी घ्या, मोबाइल फर्स्ट बेसच्या बाजूला घोट्याच्या उंचीवर, विटेला टेकवून ठेवा, स्लो मोशन लावा. प्रत्येक चेंडूला आधी तोंडाने निर्णय द्या, ‘घसट’, ‘झेप’, ‘हॉप’, आणि मग व्हिडिओ बघा. पहिल्या दिवशी मी लाजलो होतो. ज्यांना क्रो हॉप म्हणून पकडलं त्यांतल्या बऱ्याच जणी नुसत्या झेपेच्या निघाल्या, आणि जिला मी सरळ समजत होतो ती दर चौथ्या-पाचव्या चेंडूला पाय रोवत होती.

कोच तुम्हाला मॅचआधी गाठून विचारतील, "सर, हिची पिचिंग बघा ना, लीगल आहे ना?" वॉर्मअप बघून पावती देऊ नका. वॉर्मअपला सगळ्याच सरळ असतात. त्याऐवजी तो बाजूचा व्हिडिओ काढायची पद्धत शिकवा.

माझ्या पिशवीत आता ब्रश आणि काउंटरबरोबर एक खुरपं आणि बरोबर २४ इंचांवर खूण केलेली लाकडी पट्टी असते. प्लेट मोजायला ती काढली की एखादी तरी पिचर दचकून विचारतेच, "सर, ही कशाला?"